फोटो अडकला म्हणून फोन रिसेट करू नका

या वेळचं पत्र पाटण तालुक्यातून आलंय. ताईंनी नाव छापू नका म्हटलंय.

"मी घरीच आरी वर्कचे ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं कराड-साताऱ्याची, दोन-तीन पुण्याची. डिझाइनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, त्यांनी हो म्हटलं की काम पुढं न्यायचं. गेले पंधरा-वीस दिवस फोटो जातच नाही. लिहिलेलं जातं, फोटोवर मात्र गोल फिरत राहतं. सकाळी लवकर पाठवला तर कधी कधी जातो. दुपारी धाकटी क्लासचे व्हिडिओ माझ्याच फोनवर बघते. मध्येच 'स्टोरेज फुल' असं येतं, ते मी बाजूला सारते. एका बाईंकडे व्हॉट्सॲप नाही, त्यांना साध्या मेसेजमधून फोटो पाठवला तर 'नॉट सेंट' आलं. जे फोटो जातात ते पुसट दिसतात असंही एकीनं सांगितलं. थोरला चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो ॲप अपडेट कर. दुकानातला मुलगा म्हणतो रिसेट मारावा लागेल. माझे दादा, म्हणजे वडील, गेल्या वर्षी गेले. त्यांचे आवाजातले मेसेज याच फोनमध्ये आहेत. ते राहतील ना?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. बॅकअप न घेता फोन रिसेट केला, तर दादांचे आवाज राहणार नाहीत. व्हॉट्सॲपचा मेसेज एकदा आपल्या फोनवर पोचला की कंपनीच्या सर्व्हरवर त्याची प्रत ठेवलेली नसते. तो असतो आपल्या फोनमध्ये, पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये आणि बॅकअप घेतला असेल तर त्यात. दादांचा फोन अजून घरात असेल तर तोही कुणाला देऊ नका, विकू नका.

माझ्या मावशीचं असंच झालं होतं. फोन फार हळू चालतो म्हणून तिनं दुकानात दिला. तासाभरात तो नव्यासारखा होऊन परत आला आणि काकांनी दवाखान्यातून पाठवलेले निरोप त्यात नव्हते. दुकानदारानं मुद्दाम काही केलं नव्हतं, त्यानं विचारलं नाही आणि मावशीला सांगायचं सुचलं नाही. ती अजूनही कधी कधी काकांचं चॅट उघडते. वर नाव असतं, खाली कोरं.

म्हणून उद्या पहाटे उठल्यावर पहिलं काम हेच करा. पहाटे का, ते पुढं सांगते. दादांचं चॅट उघडा. आवाजाच्या एका मेसेजवर बोट दाबून धरा, तो निवडला जाईल. मग बाकीच्या मेसेजवर एकेक टिचकी मारत दहा-दहाचा गठ्ठा करा. वर बाणाची खूण दिसेल, ती पुढं पाठवण्याची. सगळे गठ्ठे थोरल्याला पाठवा. शिवाय तिथंच किंवा तीन ठिपक्यांच्या आत 'शेअर' असतं, त्यातून तेच मेसेज स्वतःच्या जीमेलवर किंवा ड्राइव्हवर टाका. मेसेजला चांदणी लावून ठेवली म्हणजे तो सुरक्षित झाला असं पुष्कळ जणांना वाटतं, पण चांदणी ही फक्त सापडायला सोपं जावं म्हणून केलेली खूण आहे, फोन पुसला की तीही पुसते. आणि थोरल्यानं ते मेसेज उघडून, कानाला लावून, "आई, वाजतंय" असं सांगितल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

ते झालं की सगळ्या चॅटचा बॅकअप घ्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', त्यात 'चॅट बॅकअप'. तिथं शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख असते. ती मागच्या वर्षीची निघाली तर घाबरू नका, खालचं 'बॅक अप' दाबा. हा बॅकअप तुमच्या गुगल खात्यात जातो. तिथं फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल, फोटो आणि बॅकअप अशा सगळ्यांत मिळून असते, म्हणून 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद ठेवा. आवाजाचे मेसेज त्याशिवायही जातात. तुमच्या नेटवर याला फार वेळ लागेल. थोरला सुट्टीला आला की त्याच्या हॉटस्पॉटवर, नाहीतर कराडला कुणाकडे वायफाय असेल तिथं बसून केलंत तर बरं.

दुकानातल्या मुलाशी बोलताना एक ध्यानात ठेवा. रिसेट दोन प्रकारचे असतात. 'नेटवर्क सेटिंग्ज रिसेट' केलं तर वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, फोटो-चॅटला धक्का लागत नाही. 'फॅक्टरी रिसेट' मात्र फोन धुऊन काढतो. तो कुठलं म्हणतोय ते विचारा आणि दुसरं असेल तर फोन परत घ्या. तसंच ॲपच्या माहितीत दोन बटणं शेजारी-शेजारी असतात: 'क्लिअर कॅशे' बिनधोक आहे, 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबलं की चॅट उडतात. ॲप काढून पुन्हा टाकणं हेही बॅकअपशिवाय करू नका. थोरला म्हणतो तसं प्ले स्टोअरवरून अपडेट केलं तर मात्र काही जात नाही, ते अवश्य करा.

आता फोटोकडे येऊ. रिसेटची तुम्हाला गरजच नाही असं मला वाटतं, कारण तुमच्या पत्रातच उत्तर आहे: लिहिलेलं जातं, सकाळी फोटोही जातो आणि दुपारी धाकटी व्हिडिओ बघते.

तुमच्या रिचार्जमध्ये रोजचा डेटा ठरलेला असणार, बहुतेक १ किंवा १.५ जीबी. तो संपला की नेट बंद पडत नाही, म्हणून संपलाय हे कळत नाही. वेग तेवढा खाली येतो. पुष्कळ प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. "माप पाठवा" एवढा मेसेज एक किलोबाइटच्या आसपास, तो चुटकीसरशी जातो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, तरी तो दोनशे-तीनशे किलोबाइटचा राहतो. हिशोब करा: वाट मोकळी असली तरी अर्धा मिनिट. आणि वाट मोकळी नसतेच. त्याच बारीक वाटेनं ग्रुपवरचे व्हिडिओ उतरत असतात, मेल येत असतात, फेसबुक मागच्या मागं काहीतरी ओढत असतं. फोटो अर्धा जातो, तुटतो, परत पहिल्यापासून चढायला लागतो. तुम्हाला दिसतं ते गोल फिरणं. रात्री १२ वाजता नवा कोटा मिळतो, म्हणून सकाळचा फोटो जातो. पहाटे दादांचे मेसेज पाठवायला सांगितलं ते याचसाठी.

हे खरं आहे का ते उद्या दुपारी बघा. सिमकार्डाच्या कंपनीच्या ॲपमध्ये आजचा किती डेटा उरला ते पहिल्याच पानावर असतं. शून्य दिसलं तर दुखणं सापडलं.

धाकटीचे क्लासचे व्हिडिओ बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. व्हिडिओच्या खिडकीत चाकाची खूण असते, तिथून दर्जा ३६० किंवा ४८० वर आणला तरी फळ्यावरचं नीट वाचता येतं आणि डेटा कितीतरी कमी जातो. त्याहून मोठी गळती ग्रुपची असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा. 'मीडिया ऑटो-डाउनलोड' खाली 'व्हेन यूझिंग मोबाइल डेटा' अशी ओळ आहे, तिच्यातल्या सगळ्या टिका काढून टाका. आता गुड मॉर्निंगची चित्रं आणि लग्नाचे व्हिडिओ तुम्ही टिचकी मारल्याशिवाय उतरणार नाहीत. आवाजाचे मेसेज तरीही आपोआप येतात, ती काळजी नको. प्ले स्टोअरमध्ये ॲप आपोआप अपडेट होणं 'ओव्हर वायफाय ओन्ली' करून ठेवा.

एवढं करूनही ऐन लगीनसराईत दुपारी फोटो पाठवायची वेळ आलीच, तर त्या दिवसापुरता छोटा डेटा पॅक मारा. ऑर्डर अडून राहण्यापेक्षा ते परवडतं.

दुसरं कारण म्हणजे तो 'स्टोरेज फुल'चा निरोप, जो तुम्ही बाजूला सारता. तो पुन्हा सारू नका. फोटो पाठवायचा म्हटलं की व्हॉट्सॲप आधी त्याची लहान केलेली दुसरी प्रत तयार करतं आणि ती फोनमध्येच, 'सेंट' नावाच्या फोल्डरात ठेवतं. म्हणजे बाहेर जाणाऱ्या फोटोलाही आत जागा लागते. फोन काठोकाठ भरला असला तर ती प्रत तयारच होत नाही आणि नेट कितीही चांगलं असलं तरी फोटो जाणार कुठून? लिहिलेल्या मेसेजला एवढी जागा लागत नाही, म्हणून तो जातो. दोन्ही आजारांचं बाहेरून लक्षण एकच, म्हणून माणूस गोंधळतो.

जागा करताना मात्र हात जपून. 'स्टोरेज अँड डेटा'मध्येच 'मॅनेज स्टोरेज' आहे. वरती दोन डबे दिसतील: एक 'पाच एमबीहून मोठ्या' फायलींचा, दुसरा 'पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या' गोष्टींचा. आधी दुसरा उघडा. तो डोळे झाकून रिकामा केला तरी क्वचितच कुणाचं काही बिघडतं. पहिला मात्र एकेक बघत जा, त्यात भाचीच्या बारशाचा व्हिडिओही असू शकतो. त्याच्या खाली नावांची यादी असते आणि कुणाच्या चॅटनं किती जागा खाल्ली ते लिहिलेलं असतं. दादांचं नाव त्यात वर दिसलं तरी त्याला हात लावायचा नाही. मेसेज मुलाकडे सुखरूप असले तरीही नाही. गॅलरीतून जे काढाल ते आधी 'बिन'मध्ये पडून राहतं आणि जागा अडवतं, तो डबाही रिकामा करा. मी स्वतः फोनमध्ये दोन-तीन जीबी कायम मोकळी ठेवते.

तिसरी गोष्ट तुमच्या गावाची आहे, तिला तुमचा इलाज नाही, पण कळलेली बरी. "माझ्याकडे रील दिसतात, मग फोटो का जात नाही?" असं मला डोंगराळ भागातून पुष्कळ जण विचारतात. मोबाइलचा टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो. आपला फोन ४जीवर साधारण ०.२ वॉटनं. म्हणजे टॉवर पलीकडच्या डोंगरावरून ओरडतोय, ते आपल्याला स्वच्छ ऐकू येतं. आपण दिलेलं बारीक आवाजातलं उत्तर मात्र दरीतच विरतं. पडद्यावर सिग्नलच्या कांड्या दाखवतात ते टॉवरचं आपल्याला किती ऐकू येतं ते, आपलं त्याला किती पोचतं ते नाही. कोयनेच्या खोऱ्यात हे व्हायचंच. त्यात मशीन पत्र्याच्या पडवीत असेल तर पत्रा सिग्नल आणखी अडवतो. फोटो पाठवताना अंगणात या, टॉवर ज्या अंगाला आहे तिकडे तोंड करून उभ्या राहा, एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा आणि मग पाठवा. फोन ५जी-४जी असा सारखा हेलकावत असेल तर सिमच्या सेटिंग्जमधून ४जीवर बांधून ठेवा.

फोटो नक्की कुठं अडलाय हे त्याच्या कोपऱ्यातच लिहिलेलं असतं. घड्याळ किंवा वर जाणारा बाण दिसतोय, तोवर तो तुमच्याच फोनमध्ये आहे, वर सांगितलेलं सगळं त्यालाच लागू. एक टिक आली की तुमचं काम संपलं, तो व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोचला. समोरच्या बाईंचा फोन बंद असेल तर तो तिथं ३० दिवस वाट बघतो. दोन टिका म्हणजे त्यांच्या फोनवर उतरला. एका टिकेवर थांबलेला फोटो पुन्हा पुन्हा पाठवत बसलात तर डेटा तुमचाच जातो, त्यापेक्षा सरळ फोन करा. आणि टिक येईपर्यंत चॅट उघडंच ठेवा. बॅटरी सेव्हर किंवा डेटा सेव्हर चालू असेल तर पडदा बंद झाल्याबरोबर पाठवणं मध्येच थांबतं. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर असू द्या, ती चुकली तरी व्हॉट्सॲप जोडणी नाकारतं.

साध्या मेसेजमधून पाठवलेल्या फोटोचं वेगळं आहे. मेसेजच्या ॲपमध्ये फोटो दोन रस्त्यांनी जातो. दोघींच्या फोनवर आरसीएस ही मेसेजची नवी सोय चालू असेल तर तो इंटरनेटवरून जातो, तेव्हा लिहायच्या रिकाम्या चौकटीत 'आरसीएस मेसेज' असं फिकट अक्षरात दिसतं. ते नसेल तर फोन तोच फोटो एमएमएस म्हणून, म्हणजे फोटोच्या मेसेजच्या जुन्या पद्धतीनं, पाठवायला बघतो. एमएमएसला मोबाइल डेटा चालू लागतो, नुसतं वायफाय सहसा चालत नाही. सिमकंपनीची एमएमएसची सेटिंग्ज फोनमध्ये असावी लागतात, आणि फोटो फार लहान लागतो, पुष्कळदा एक एमबीच्या आत. पैसेही पॅकच्या बाहेरचे कापले जाऊ शकतात. आपल्याकडे आता ते फारसं कुणी वापरत नाही आणि तुम्हीही त्यामागे लागू नका. त्या बाईंच्या घरात कुणाकडे तरी व्हॉट्सॲप असेल, सुनेकडे, मुलाकडे. तो नंबर मागून घ्या.

या सगळ्या खटाटोपात एखाद्या रात्री वैतागून गुगलवर 'व्हॉट्सॲप कस्टमर केअर नंबर' शोधावासा वाटेल. कृपा करून शोधू नका. व्हॉट्सॲपची मदत ॲपच्या सेटिंग्जमधल्या 'हेल्प'मध्येच मिळते. बाहेर मिळणाऱ्या नंबरांवर बसलेली माणसं "एक छोटं ॲप टाका, मी इथून बघतो" म्हणतात आणि तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसायला लागतो, बँकेच्या ओटीपीसकट. तुमच्या फोनवर गिऱ्हाइकांचे पैसे येतात, म्हणून जास्त जीव तुटतो. असं काही झालंच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. फोटो मोठे जातात म्हणून कुणी व्हॉट्सॲपच्या नावाचं दुसरंच ॲप देऊ केलं तर तेही घेऊ नका, त्यानं खातं बंद पडू शकतं.

राहिला पुसटपणा, आणि तुमच्या कामात ही बाब लहान नाही. आरीचा टाका, जरदोसी, बारीक मोती यांतच तुमची मेहनत आहे आणि व्हॉट्सॲप फोटो दाबतं तेव्हा नेमकं हेच बारीकसारीक पुसलं जातं. माझी पद्धत सांगते. अख्ख्या ब्लाउजचा एक फोटो पाठवा. मग पाठीचा गळा आणि बाहीचं टोक यांचा प्रत्येकी एक, पण लांबून काढलेला नको. जवळ जा, उन्हात नाही, दाराच्या उजेडात, आणि गॅलरीत कडा कापून फक्त काम तेवढं ठेवा. दाबलं तरी मग जे उरतं ते सगळं कामाचंच असतं. पाठवताना वर 'एचडी' अशी खूण असते, ती दाबली तर फोटो बराच स्वच्छ जातो.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला अगदी मूळ फोटोच हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, तेव्हा व्हॉट्सॲप त्याला हात लावत नाही. पण असा फोटो चार-पाच एमबीचा भरतो. कोटा संपलेला असताना ४ एमबीला आठ मिनिटांहून जास्त लागतील, म्हणून हे काम सकाळचंच. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधलं 'लोकेशन टॅग' बंद करा. मूळ फोटोबरोबर तो कुठं काढला ती जागाही जाते, आणि तुमचं दुकान म्हणजे तुमचं घर आहे.

दादांचे मेसेज थोरल्याकडे पोचले आणि वाजले की मला दोन ओळी लिहा. त्यानंतरही फोटो अडलाच तर फोटोच्या कोपऱ्यात घड्याळ आहे की टिक, आणि त्या वेळी डेटा किती उरला होता, एवढं सोबत कळवा.